कुणाच्या वाटची भाकरी

आमच्या बाई कुणाच्याही घरी जायच्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळेला. चुकून नव्हे, ठरवून. दुपारी गावातल्या घरांतून फोडणीचा वास सुटला की उपकेंद्राच्या खुर्चीवरून आधी त्यांचं नाक उठायचं आणि मग बाई. पर्स खांद्याला, रक्तदाबाचं यंत्र पिशवीत आणि मला हाक, "चल गं लातूरवाली, लोकांचं ऊट आयता का बघून येऊ."

'ऊट आयता' म्हणजे कानडीत 'जेवण झालं का'. निलंगा तालुक्यातलं आमचं ते गाव कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. निम्म्या घरांत चुलीपाशी कानडी आणि ओट्यावर मराठी. बाई मूळच्या भोकरकडच्या. इतकी वर्षं तिथं नोकरी करून त्यांना कानडीतलं हे एवढं एकच वाक्य यायचं, आणि त्यांचं म्हणणं असं की नर्सला दुसरं लागतंय कशाला.

उपकेंद्रावर आम्ही दोघी नर्स. बाई कायम, मी कंत्राटी. त्यामुळे बोलायचा हक्क त्यांचा आणि चालायचा माझा. मी लातूर शहरात वाढलेली, जिभेला धार जरा जास्तच, आणि बाईंच्या मागे पिशवी धरून फिरताना ती धार मला रोज म्यान करावी लागे. गावातल्या आशाताईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मनानं लई चांगल्या हायत हो बाई. पर खादाड. तुमी डबा झाकून ठेवत जा." मी डबा झाकून ठेवत असे. उपयोग शून्य. बाईंना झाकण उघडता येत होतं.

गावाने त्यांचं नाव 'भाकरीवाली शिस्टर' ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "सुईवाली म्हणण्यापरीस बरं."

आता त्या जेवायच्या कशा, ते सांगते. दारात चपला काढायच्या आणि सरळ आत शिरायचं. "मावशी, भूक लागली हो." आपल्याकडे या वाक्याला नाही म्हणणारी बाई अजून जन्माला यायचीय. ताट पुढं आलं की बाई घरातल्या सुनेला हाक मारत. पोटुशी असेल, अंगावर पिणारं लेकरू असेल, नाहीतर नुसतीच वाळलेली असेल, तिला. "ये गं, बस माझ्यासंगं." सून पदर चाचपत म्हणायची, मी मागून खाईन. बाई म्हणायच्या, "मला एकटीला घास उतरत न्हाई. उचकी लागते." आणि लगेच बाईंना उचकी लागायची. अशी हुबेहूब की सासू घाबरून तांब्या घेऊन धावायची. पाणी प्यायलं तरी उचकी थांबायची नाही. सून ताटाला बसली की थांबायची.

असं करून त्या गावभरच्या सुनांना घरातल्या गड्यांच्या आधी जेवायला बसवत. स्वतः मन लावून खात, बोलत, खिशातली हिरवी मिरची काढून चावत, कांदा बुक्कीने फोडत; आणि सुनेकडे न बघता सगळं बघत. भाजी तिच्या वाट्याला येते का, घास घेताना ती दाराकडे बघते का, गोळी द्यावी इतकं तरी पोटात गेलं का. "आधी पोट, मग पोटातलं," हे त्यांचं ब्रीद. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं समुपदेशन वगैरे त्यांना मान्य होतं, पण ते भरल्या तोंडाने करावं असं त्यांचं मत.

आणि ताट एकच लागायचं. दोन नाहीत. बाई बौद्ध, हे गावाला ठाऊक. शेती-भातीच्या जुन्या घरांत याचा अर्थ काय होतो, ते कुणाला शिकवायला नको. एका घरात म्हातारीने बाईंचं ताट इकडे आणि सुनेचं तिकडे, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून मांडलं. बाईंनी आपलं ताट उचललं आणि सुनेच्या ताटात उपडं केलं. "बाळंतपणाला माझे हात चालतेत, आन् ताटात चालत न्हाईत व्हय?" म्हातारीने मान खाली घालून भाजी वाढली. तिची तिन्ही नातवंडं बाईंच्याच हातावर जन्मलेली होती. त्या दिवशी मला बाईंचा असा काही अभिमान वाटला की परत आल्यावर मी माझा डबा स्वतःहून पुढं केला. त्यांनी तो संपवला.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा कुणावर काडीचा विश्वास नव्हता. रक्तवाढीच्या गोळ्या बायका घेतात आणि परसात फेकून देतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. सगळे ते गिळून बसतात, गोळ्या सोडून. बाई गोळी आपल्या हाताने देत, वर पाणी पाजत, आणि "आ कर" म्हणून जिभेखाली बघत. एका घराच्या मागे त्यांना शेणाच्या ढिगात गोळ्याच गोळ्या सापडल्या. त्यांनी आख्खी गल्ली जमवली. "बघा बायांनो, ह्या उकिरड्याचं रक्त कसं वाढलंय. पुढल्या बाळंतपणाला ह्यालाच निलंग्याला नेऊ." ज्या सुनेच्या त्या गोळ्या होत्या तीसुद्धा पदराआड हसत होती. दुसऱ्या दिवसापासून ती घ्यायला लागली.

बाईंना गाडी चालवता येत नसे. एसटीने फिरत, आणि एसटी आपल्या वडिलांची असल्यासारखं वागत. वाटेतल्या वस्तीवर एखादी पोटुशी असली की ड्रायव्हरला म्हणायच्या, "भाऊ, जरा दम धरा." खिडकीतून डोकं काढून अशा ओरडायच्या की शेतातली सोयाबीन कापणारी बाई तिथूनच ओरडून सांगे, "खाल्ली बाई, खाल्ली!" ड्रायव्हर कुरकुरायचा. मग बाईंनी एकदा स्टँडवर त्याचाच रक्तदाब मोजला आणि तो वाढलेला निघाला. तेव्हापासून तो न सांगता थांबायला लागला.

तालुक्याच्या बैठकीला तर मजाच. साहेब लोक पडद्यावर आलेख दाखवून उंटावरून शेळ्या हाकत असत. कुठल्या उपकेंद्राचं काम मागं, कुणाचं पुढं. बाई शेवटच्या रांगेत बसत आणि एक वाजला की डबा उघडत. एका नव्या साहेबांनी विचारलं, "सिस्टर, हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या, "साहेब, इथं सगळ्या बायाच बसल्यात. सकाळी घरच्यांचं करून, तशाच आल्यात. तुमचा आलेख लई चांगला हाय, पर उपाशी पोटी वर चढलेला दिसत न्हाई हो." हशा झाला. साहेब भला माणूस निघाला. त्यालाही भूक लागली असावी. बैठक तिथंच थांबली.

आता बाई बढती घेऊन भोकरकडं गेल्यात. फोन येतो. हवापाण्याची चौकशी नाही, पगार झाला का हेही नाही. पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?" मी काहीही सांगितलं तरी त्यांना ते कमीच वाटतं.

हे सगळं सांगितलं म्हणजे बाई म्हणजे देवमाणूस असं वाटेल. तसं काही नव्हतं. त्यांच्यात एक मोठी खोट होती, आणि ती म्हणजे सासू. सासू दिसली की बाईंच्या अंगाचा तिळपापड होई. "सासू हा रोग हाय बघ," त्या मला म्हणायच्या, "लस निघाली की पहिली सुई मी मारते." कुठल्याही सुनेचं रक्त कमी आलं की यांचा निकाल तयार. सासूनंच खाऊ दिलं नसणार. साक्ष नको, पुरावा नको.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. स्टँडवर बसची वाट बघत होतो, बाई शेंगा सोलत होत्या. "माझं सासर बिलोलीकडचं. बाळंतपणात मला पातळ कण्या, आन् तुपाचा डबा कुलपात. लेकरू काय जगलं न्हाई. मी जगले. मग माहेरी आले आन् शिकले." एवढंच. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातात मूठभर शेंगदाणे कोंबले आणि समोरच्या बसची पाटी वाचायला लागल्या. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी शेंगदाणे खाल्ले, दुसरं काय करणार.

मनीषाचं प्रकरण घडलं ते यामुळेच.

मनीषा म्हणजे बालाजीची बायको. गावाच्या खालच्या अंगाला घर, थोडी कोरडवाहू जमीन, तूर-सोयाबीन-ज्वारी. घरात बालाजी, त्याचा बाप, धाकटा भाऊ, असे तीन गडी. बायका दोनच, मनीषा आणि बालाजीची माय. मनीषाचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं आणि तिला इतका रक्तस्राव झाला होता की लातूरला नेईपर्यंत ती जेमतेम शुद्धीवर होती. आता ती दुसऱ्यांदा पोटुशी. तिचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, अकराच्या वर हवं, ते सातावर अडून बसलेलं. निलंग्याच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला स्पष्टच सांगितलं, "मागच्यासारखं झालं तर हिच्याकडे सांडायलासुद्धा रक्त नाहीये. बाळंतपणाच्या आधी ते वाढलंच पाहिजे."

बाईंनी ते घर मनावर घेतलं. आठवड्यातले बहुतेक दिवस त्या बालाजीच्या घरी जेवायला. बालाजीची माय बोलायला कमी, पण पाहुणचाराला पक्की. बाई आल्या की ताट यायचं. अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी आणि टम्म भाकरी. उचकी लागायची, मनीषा बसायची, दोघी जेवायच्या. गोळी गिळली जायची; सकाळची दुसरी गोळी मनीषा आपली आपण घ्यायची. आणि महिना झाला तरी रक्त सातावरच. अर्ध्या गोळ्या तर मनीषाला उलटूनच पडायच्या, रिकाम्या पोटी घेतल्यासारख्या.

"रिकामं पोट कसं?" बाई माझ्यावर डाफरल्या. "माझ्यासमोर जेवते ती! माझ्या मागं तिच्या तोंडचा घास काढतंय कुणीतरी. आन् कुणीतरी म्हंजे कोण, ते मला ठावं हाय."

मी म्हटलं, बाई, आधी विचारू तरी. पण ऐकतील तर त्या बाई कसल्या. आठवा महिना लागला होता. त्या तरातरा गेल्या आणि बालाजीच्या अंगणात उभ्या राहून शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "ओ माय, काय करून राहिल्या तुमी? पोरीला मारून टाकताव का? तिच्या वाटचं काढून कुणाला घालताव?"

बालाजीची माय सुपात तूर पाखडत होती. ती सूप तसंच हातात घेऊन उठली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट. "इतके दिस माज्या घरचं खाल्लाव, आन् मलाच चोर म्हणलालाव? आजपासून हा उंबरा चढू न्हाई. सून आमची हाय. आमी बघून घेऊ. निलंग्याला बी पाठवत न्हाई आन् तुमची गोळी बी नको."

बालाजी गोठ्यापाशी उभा होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "माय म्हणंल तसं."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रक्त सातावर, महिना आठवा, दवाखाना बंद, दार बंद. मनीषाचा जीव टांगणीला लागला तो आमच्यामुळे. त्या दिवशी उपकेंद्रात येऊन बाईंनी माझ्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

"तू जा," त्या मला म्हणाल्या. "तुझ्यावर राग न्हाई तिचा. नुसतं बोट टोचून ये. काही बोलू नको. माझ्यासारखी बोलू नको."

मी दुपारी गेले. बालाजीची माय ओसरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "तू ये. ती बाई नको." मनीषा आतून आली, भिंतीला टेकून बसली. मी तिचं बोट टोचलं, यंत्रात पट्टी घातली. साताच्याही जरा खालीच आलं. मी आकडा सांगितला आणि तिच्या बोटावर कापूस दाबून धरला.

बालाजीची माय माझ्या हाताकडे बघत होती. एकदम तिनं आपला हात पुढं केला. "माजं बी बघ."

"मावशी, तुमचं कशाला?"

"बघ म्हणते ना. सुनंच्या वाटचं म्या खाल्लं असंल तर दिसंल की त्या यंत्रात. गावाला सांग मग."

तिचं बोट इतकं खरबरीत की सुई आत जाईना. थेंब आला तो फिक्का. मी यंत्रात बघितलं आणि मला वाटलं पट्टी खराब असेल. दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. सहा. सुनेपेक्षाही कमी.

"काय आलं? लई हाय का?" ती विचारत होती, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी भीती होती, खरंच जास्त निघतं की काय अशी. मी सांगितलं. तिला आधी कळेना. "म्हंजे हिच्याहून कमी?" मी मान हलवली.

तेवढ्यात मनीषा रडायला लागली. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या दुपारच्या जेवतच न्हाईत हो, बाई येत्यात त्या दिशी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी मनीषा भाकरी थापायची त्या गड्यांच्या हिशोबाने. त्यांची शेतावरची शिदोरी, घरची, आणि वर एखाददुसरी पडली तर ती या दोघींची. एकेक वाट्याला यायची. दुपारी बाई भूक लागली म्हणत दारात आल्या की सासू आपल्या वाटची भाकरी पाहुणीच्या ताटात घालायची आणि आपण पाणी पिऊन तूर पाखडायला बसायची. पाहुण्याला असं काही सांगतात का? नाही सांगत. मनीषाला हे दिसायचं. म्हणून रात्री ती मळमळतंय म्हणून आपली भाकरी सासूला घालायची आणि आपण उपाशी झोपायची. सकाळची गोळी रिकाम्या पोटावर, की उलटी. सासूला वाटायचं पोरीला डोहाळे अवघड गेले. बाईंना वाटायचं सासू घास काढते. आणि घास जात होता बाईंच्या पोटात.

मला संतापच आला. "मग दोन भाकरी जास्त का नाही थापत? ज्वारी नाही का घरात?"

बालाजीच्या मायला हे फार लागलं. "न्हाई कशी? कोठी भरून हाय जवारी. ये, बघ."

"मग?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी अगदीच भलतं विचारल्यासारखं. "अगं, आपल्यासाठी कोण येगळी थापतंय?"

 माझी आई आठवली, पातेलं पुसून खाणारी. मावशी आठवली. सगळ्याच आठवल्या.

परत येऊन बाईंना सांगितलं. त्या ऐकत गेल्या तसतशा खाली बसत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे म्या खाल्ली." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. मग म्हणाल्या, "आन् ही एकलीच असंल का गं म्हातारी? किती घरं जेवले मी." बाईंच्या डोळ्यांत पाणी बघायची माझी ती पहिली वेळ. मी उठून चहा केला आणि साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी बाई जेवणाच्या वेळेला गेल्या नाहीत. भल्या सकाळी, पीठ मळायच्या वेळेला गेल्या. मी मागे. उंबऱ्याच्या अलीकडं थांबल्या. आत मनीषा परातीत पीठ मळत होती, सासू चुलीत लाकूड सारत होती.

"माय," बाई म्हणाल्या, "उंबरा चढत न्हाई. हितूनच बोलते. तुमच्या वाटची भाकरी इतके दिस म्या खाल्ली, आन् वर तुमालाच बोलले. माझं चुकलं."

 लाकूड पेटलं, तवा तापला. बाई उभ्याच. मला वाटलं आता परत फिरावं लागणार. मग बालाजीची माय मागे न बघता म्हणाली, "भाईर कशाला उभ्या ऱ्हाता. लोक बघतेत."

बाई आत जाऊन चुलीपाशी बसल्या. मनीषाने पहिली भाकरी तव्यावर टाकली, दुसरी टाकली. गड्यांच्या झाल्या. "आता तुझ्यासाठी एक थाप," बाई म्हणाल्या. मनीषा लाजून हसली, गोळा हातात घेतला, आणि हात चालेना. खरंच चालेना. पीठ हातात तसंच. बाई सासूकडे वळल्या, "तुमी थापा तुमच्यासाठी." ती म्हणाली, "मला काय, चहा झालाय." दोघी परातीकडे बघत बसल्या, दुसऱ्याचं ताट चाखायला सांगितल्यासारख्या.

बाई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मनीषा, तू तुझ्या आत्यासाठी थाप."

मनीषाचा हात लगेच सुटला. थप थप थप, भाकरी गरगरीत. ती तव्यावर पडते न पडते तोच सासू पुढं सरकली, सुनेला बाजूला सारलं, पिठाचा गोळा घेतला, पुन्हा मूठभर पीठ त्यात वाढवलं आणि मनीषासाठी अशी भाकरी थापली की ती तव्याच्या बाहेर आली. "एवढी?" मनीषा म्हणाली. "दोन जिवाची हाईस न्हवं?" सासूने तिला झापलं.

दोघी चुलीपुढंच बसून जेवल्या. बाईंनी त्या दिवशी घासही घेतला नाही, नुसत्या बघत बसल्या. मध्येच बालाजी गोठ्यातून आला, बायका गड्यांच्या आधी जेवताना बघून दारातच थांबला. "आज आधीच?" त्याची माय म्हणाली, "बस तिथं. मिळतंय तुला." तो बसला.

त्यानंतर बाईंनी गावात पद्धत बदलली. जेवायला जाणं सोडलं नाही, ते त्यांना जमणारही नव्हतं. पण आता त्या पीठ मळायच्या वेळेला जायच्या आणि एकीला दुसरीसाठी थापायला लावायच्या. घरात सासू-सून असोत, जावा असोत, नणंद असो. आणि सुनेच्या आधी सासूचं बोट टोचायच्या. किती म्हाताऱ्यांची रक्तं कमी निघाली ते सांगत बसत नाही. डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला एवढं पुरे. सासूवरचा त्यांचा तो लसीचा विनोद मी पुन्हा ऐकला नाही.

बालाजी दोघींना मोटारसायकलवर मागं बसवून निलंग्याला न्यायचा. मनीषाला सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं, मायला तपासण्या आणि औषधं. दोघींची चढाओढ लागली. माय येऊन विचारायची, "तिचं किती झालं? माजं किती?" सुनेचं जास्त निघालं की आनंद, आणि आपलं कमी निघालं की माझ्यावर राग, मी नीट टोचलं नाही म्हणून. नववा महिना भरत आला तेव्हा मनीषाचं रक्त दहाच्या जवळ होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लातूरला न्यायची गरज नाही, इथंच करू.

मनीषा सकाळी बाळंत झाली. मुलगी. रक्तस्राव बेताचाच. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन "सगळं ठीक आहे" म्हटलं तेव्हा आमच्या बाई बाकावर एकदम बसल्या आणि त्यांनी माझा हात इतका जोरात दाबला की माझ्या बांगड्या वाकल्या. बालाजीची माय पदराला डोळे पुसत होती आणि कुणी बघत नाही ना ते बघत होती.

दुपारी वॉर्डात आम्ही होतो. मनीषा पलंगावर, लेक कुशीत, सासू पायथ्याशी, बाई आणि मी खिडकीपाशी. बालाजी आला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी आणि एक डबा. दारातच घुटमळला.

"काय आणलास?" मायने विचारलं.

"भाकरी."

"कुणी केल्या? शेजारच्या काकूनं?"

तो आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "म्याच."

मायने घाईघाईने फडकं ओढून घेतलं. "झाक ते. बाया बघलालेत." बाजूच्या पलंगावरच्या बाया खरंच बघत होत्या. पण तोवर बाईंनी फडक्याची गाठ सोडली होती. आतल्या भाकरींना कोपरे होते, एकीला तर तीन. कडा करपलेल्या, मधून कच्च्या, जाड. बाईंनी एक उचलून उलटीपालटी केली, मायकडे बघितलं आणि ती तिच्या हातात ठेवली.

 मायने भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा मनीषाला दिला, डबा उघडून वरणात बुडवून आपल्या तुकड्याचा घास तोंडात घातला. समोर मुलगा उभा, सकाळपासून उपाशी, आणि आई त्याच्यादेखत त्याच्या आधी जेवत होती. ती सावकाश चावत होती.

"वरणात मीठ बरोबर हाय का?" बालाजीने विचारलं.

"जरा कमी हाय," ती म्हणाली आणि दुसरा घास मोडला.